डोस तोच, तरी साखर अस्थिर : घरी इन्सुलिन टोचताना काय तपासावे?

घरी स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. डोस बदललेला नाही, जेवणाची वेळ आणि प्रमाण तेच आहे, चालणेही नियमित आहे, तरीही ग्लुकोमीटर एका सकाळी २६० दाखवतो आणि दोन दिवसांनी त्याच वेळी ८०. मग डॉक्टरांकडे फेरी होते, डोस चार युनिटांनी वाढतो, काही दिवस आकडे बरे दिसतात आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. ‘शरीराला इन्सुलिनची सवय झाली’ किंवा ‘औषध लागू पडेनासे झाले’ असा निष्कर्ष घरातली माणसे काढतात. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, डोस वाढवण्याचा विचार करण्याआधी इन्सुलिन कोठे टोचले जाते, कसे टोचले जाते आणि खरोखर किती आत जाते, हे तपासावे. कारण या तीनपैकी एका ठिकाणी दोष असेल, तर वाढवलेला प्रत्येक युनिट पुढे धोका निर्माण करू शकतो.

तपासणीला लागण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. साखर सातत्याने ३०० च्या वर राहत असेल आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप लागणे किंवा ग्लानी असेल, तर घरी कारण शोधत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. ताप, जंतुसंसर्ग किंवा नव्याने सुरू झालेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांमुळेही साखर वाढते, तेव्हा अशा काळात टोचण्याच्या पद्धतीत दोष शोधून उपयोग नाही. पुढील विवेचन आहे ते प्रकृती एरवी ठीक असूनही ज्यांचे आकडे वारंवार हेलकावे खातात त्यांच्यासाठी.

पहिली तपासणी : टोचण्याच्या जागेवर गाठ आहे का?

सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे कारण हेच असल्यामुळे सुरुवात येथून करावी. इन्सुलिन हे चरबीच्या पेशींची वाढ करणारे संप्रेरक आहे. त्याच दोन-चार बोटांच्या जागेत महिनोन्‌महिने सुई टोचली गेली की त्वचेखालील चरबी तेथे फुगते, घट्ट होते आणि रबरासारखी लागू लागते. वैद्यकात तिला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात; बहुतेक रुग्ण तिला नुसती गाठ म्हणतात. ती दुखत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. गाठीत सुई कमी बोचते, म्हणून हात आपोआप त्याच जागी वळतो, आणि तेथेच टोचत राहिल्यामुळे गाठ आणखी वाढते. अशा गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी फार हळू शोषले जाते, तर कधी अनपेक्षित वेळी, त्यामुळे तोच डोस एका दिवशी अपुरा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त होतो.

गाठ डोळ्यांना नेहमी दिसतेच असे नाही. ती हाताला लागते. आंघोळीच्या वेळी बोटांना साबण लावून, किंवा एरवी थोडे तेल लावून, बोटांची टोके पोटावरून, मांडीवरून आणि दंडावरून हलक्या दाबाने सावकाश फिरवावीत. निरोगी जागी त्वचा मऊ असते आणि चिमटीत सहज पातळ धरता येते. गाठीवर बोट आले की पोत बदलतो, आणि चिमूट धरू गेल्यास जाड, न दबणारा भाग हाती येतो. नंतर आरशासमोर, एका बाजूने उजेड येईल असे उभे राहून डावी-उजवी बाजू ताडून पाहावी. ज्येष्ठ व्यक्तींना स्वतः चाचपणे जमत नसेल, तर घरातील कोणीतरी किंवा परिचारिकेने हे करावे. डॉक्टरांनाही टोचण्याच्या जागा उघडून दाखवाव्यात, कारण तपासणीच्या खोलीत कागदावरचे आकडे पाहिले जातात, पोट पाहायचे मात्र अनेकदा राहून जाते.

कोणत्या जागा हाताला सोप्या पडतात याचाही विचार करावा. साडी नेसणाऱ्या स्त्रिया बहुधा परकराच्या नाडीच्या वरचा उघडा पट्टा वापरतात, तर उजव्या हाताने टोचणारे पोटाच्या एकाच बाजूला टोचत राहतात. गाठ आढळण्याची शक्यता याच सोयीच्या जागी अधिक असते.

गाठ सापडली तर लिहिण्याच्या पेनाने तिची कड आखून घ्यावी आणि त्या भागात टोचणे पूर्ण थांबवावे. ती विरण्यास अनेक महिने लागू शकतात. मात्र येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे, आणि ती न घेतल्यास निदान बरोबर असूनही अपघात होऊ शकतो. गाठीत टोचलेले इन्सुलिन नीट शोषले जात नसल्याने डोस हळूहळू वाढत गेलेला असतो. तोच वाढलेला डोस अचानक निरोगी जागी दिला, तर तो पूर्ण क्षमतेने काम करतो आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून जागा बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, डोस किती कमी करायचा ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे आणि पहिले काही दिवस साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, तपासावी. डोस स्वतःच्या मनाने कमी करणे जितके अयोग्य, तितकेच न सांगता जागा बदलणेही अयोग्य आहे.

पुन्हा गाठ होऊ नये म्हणून जागांचा क्रम ठरवावा. बेंबीभोवती दोन बोटांची जागा सोडून पोटाचे चार भाग कल्पावेत आणि एका आठवड्यात एकच भाग वापरावा. त्या भागातही आजचे टोचणे कालच्यापासून किमान एक बोट अंतरावर असावे. मांड्यांचा पुढचा-बाहेरचा भाग, दंडाची मागची-बाहेरची बाजू आणि नितंबांचा वरचा-बाहेरचा भाग याही योग्य जागा आहेत, परंतु स्वतःच्या दंडावर स्वतः टोचणे अवघड असते. जागा फिरवणे म्हणजे सकाळी पोट, उद्या सकाळी मांडी, परवा दंड अशी मनमानी नव्हे. साधे मानवी इन्सुलिन पोटातून सर्वांत लवकर आणि मांडी-नितंबांतून हळू शोषले जाते; म्हणून ठरावीक वेळेचा डोस ठरावीक अवयवात द्यावा आणि त्या अवयवातच जागा सरकवत जावे. मांडीत टोचून लगेच लांब चालायला जाणे, टोचलेली जागा चोळणे किंवा त्यावर गरम पाण्याचा शेक घेणे यांमुळे शोषण वेगाने होते, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी तपासणी : बाटली आणि सिरिंज एकमेकांच्या जोडीच्या आहेत का?

इन्सुलिन पेन (डायलवर डोस लावून टोचण्याचे पेनासारखे साधन) वापरणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही, परंतु व्हायल (इन्सुलिनची बाटली) आणि सिरिंज वापरणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी आजच करावी. भारतात इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या तीव्रतेच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची यू-४० सिरिंज मिळते. अमेरिका, युरोप येथे मात्र व्हायल १०० युनिटांच्या असतात आणि त्यांना नारिंगी टोपणाची यू-१०० सिरिंज लागते. भारतातही काही इन्सुलिनच्या व्हायल १०० च्या मिळतात, आणि औषधाच्या दुकानात दोन्ही प्रकारच्या सिरिंजा असू शकतात. लाल आणि नारिंगी हे रंग मंद उजेडात किंवा मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना वेगळे ओळखू येतीलच असे नाही.

चूक झाली तर काय होते, ते हिशेबानेच पाहू. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची असेल, तर २० च्या रेघेपर्यंत भरलेले औषध ०.२ मिलिलिटर असते आणि त्यात प्रत्यक्ष इन्सुलिन फक्त ८ युनिट असते. साखर का उतरत नाही याचे उत्तर तेथेच आहे. उलट बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची असेल, तर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि शरीरात ५० युनिट जातात. अडीचपट डोस हा जिवावर बेतणारा असतो.

परदेशी असलेल्या मुलांकडे काही महिने राहून परत येणाऱ्या आई-वडिलांच्या सामानात तेथील सिरिंजा किंवा व्हायल उरलेल्या असतात. त्या येथील साठ्यात मिसळू देऊ नयेत. त्याचप्रमाणे पेन बिघडले म्हणून काट्रिजमधून, म्हणजे पेनातील औषधाच्या नळीतून, सिरिंजने औषध काढण्याचा मार्गही अवलंबू नये. पेनाचे काट्रिज किमान १०० च्या तीव्रतेचे असते आणि काही पेनांमधले इन्सुलिन मिलिलिटरला ३०० युनिट इतके तीव्र असते. नवी बाटली उघडताना तीन गोष्टी मोठ्याने वाचाव्यात : इन्सुलिनचे नाव, बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा. दोन माणसे घरात असतील तर एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पाहावे. दुकानदाराने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असे सांगितले तरीही हे वाचन टाळू नये.

तिसरी तपासणी : पेनातून औषध पूर्ण जाते का?

पेन सोपे दिसते, म्हणून ते एकदा शिकले की पुन्हा कोणी पाहत नाही. सुईला दोन टोपणे असतात, बाहेरचे मोठे आणि आतले छोटे. आतले टोपण न काढताच पेन दाबल्याने औषध त्वचेत गेलेच नाही, असेही घडते, विशेषतः नव्याने सुरुवात करणाऱ्या वृद्ध व्यक्तींच्या बाबतीत.

प्रत्येक वेळी नवी सुई लावल्यावर डायलवर २ युनिट घ्यावेत, सुई वर करून बटण दाबावे आणि टोकाशी थेंब येतो का ते पाहावे. थेंब आला नाही तर पुन्हा करावे. ही २ युनिटे वाया गेली असे वाटून अनेक जण हे टाळतात, परंतु सुईतील आणि काट्रिजमधील हवा तशीच राहिली, तर तेवढे औषध कमी जाते. नंतर डोस लावून सुई सरळ आत घालावी, बटण पूर्ण तळापर्यंत दाबावे आणि डायल शून्यावर आल्यानंतरही मनात सावकाश दहा अंक मोजेपर्यंत सुई आतच ठेवावी. शून्य दिसताच सुई बाहेर काढणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. सुईच्या टोकावर एक बारीक थेंब राहणे स्वाभाविक आहे. त्वचेवरून ओघळ येत असेल तर मात्र सुई लवकर निघाली, असे समजावे. ओघळलेले औषध अंदाजाने पुन्हा टोचू नये, कारण आत किती गेले हे कोणालाच ठाऊक नसते. त्या दिवशी साखर अधिक वेळा तपासावी आणि घटना वहीत लिहावी.

सुई पेनाला लावून ठेवू नये. तिच्यातून थंडी-उन्हानुसार औषध गळते किंवा हवा आत शिरते, आणि मग बटण शून्यावर आले तरी औषध हळूहळू बाहेर येत राहते.

सुईची लांबीही पाहावी. त्वचेची जाडी लठ्ठ आणि सडपातळ व्यक्तींमध्ये फारशी वेगळी नसते, ती साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असते. म्हणून ४ मिलिमीटरची सुई बहुतेक प्रौढांना पुरते आणि ती काटकोनात सरळ टोचावी. लहान मुले आणि अगदी कृश व्यक्ती यांनी त्वचेची हलकी चिमूट धरावी. ८ मिलिमीटरची सुई किंवा सिरिंज असेल तर चिमूट आवश्यक आहे, अन्यथा औषध स्नायूत जाऊन वेगाने शोषले जाते आणि साखर अचानक उतरते. चिमूट सुई बाहेर काढल्यानंतरच सोडावी.

ढगाळ इन्सुलिन आणि उन्हाळा

एनपीएच (मध्यम काळ काम करणारे इन्सुलिन) आणि ३०/७० सारखी मिश्र इन्सुलिने दुधाळ दिसतात, कारण त्यांतील एक भाग तळाशी बसतो. न ढवळता घेतल्यास बाटलीच्या सुरुवातीचे डोस आणि शेवटचे डोस वेगळे काम करतात. पेन किंवा बाटली तळव्यांमध्ये दहा वेळा घोळवावी आणि दहा वेळा उलटसुलट करावी. जोराने हलवू नये. त्यानंतरही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण दिसले तर ती बाटली वापरू नये. याउलट, जे इन्सुलिन मुळात पाण्यासारखे स्वच्छ असते ते गढूळ दिसू लागले तर टाकून द्यावे. डॉक्टरांनी दोन प्रकार एका सिरिंजमध्ये घेण्यास सांगितले असतील तर आधी स्वच्छ आणि मग ढगाळ हा क्रम पाळावा. ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन मात्र कोणत्याही दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नये.

विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात साखर वाढल्याच्या तक्रारी आल्या, तर बाटली कोठे ठेवली होती हा प्रश्न आधी विचारावा. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत राहावे, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळून नेहमीसारखे दिसले तरी निकामी झालेले असते. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारणतः ३० अंशांखाली चार आठवडे टिकते, मात्र नेमकी मुदत आणि तापमान वेष्टनातील पत्रकात पाहावे, कारण प्रत्येक प्रकाराची मर्यादा वेगळी असते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी. ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा वीज तासन्‌तास जाते, त्यांनी मातीच्या भांड्याचा आधार घ्यावा : एका मडक्यात ओली वाळू भरून त्यात दुसरे लहान मडके बसवावे, इन्सुलिन झिपच्या पिशवीत घालून त्यात ठेवावे, वर ओले फडके झाकावे आणि हे सर्व हवा खेळत्या सावलीत ठेवावे. बाष्पीभवनाने आतील तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंश उतरते. कोकणासारख्या दमट हवेत मात्र हा उपाय तितका परिणामकारक ठरत नाही. प्रवासात बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर राहू नये, आणि विमानात ती हातातल्या पिशवीत ठेवावी.

वेदना, रक्त आणि सुईचा पुनर्वापर

टोचताना फार दुखत असेल तर बहुधा इन्सुलिन थेट फ्रीजमधून काढलेले असते, स्पिरिट वाळलेले नसते किंवा सुई बोथट झालेली असते. औषध अर्धा तास आधी बाहेर काढावे. हात आणि जागा साबणाने स्वच्छ असेल तर स्पिरिट दरवेळी लागतेच असे नाही. लावल्यास ते पूर्ण वाळू द्यावे. रक्ताचा थेंब आला तर बोळ्याने हलके दाबून धरावे, चोळू नये. ग्लार्जिन आम्लधर्मी असल्यामुळे काहींना किंचित झोंबते, त्यात काळजीचे कारण नाही.

सुई एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते. खर्चामुळे तीच सुई अनेक दिवस वापरणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांना दोष देणे मला उचित वाटत नाही. परंतु सुईचा पुनर्वापर आणि गाठी यांचा संबंध वारंवार आढळला आहे, म्हणून खर्चाची अडचण डॉक्टरांपासून लपवू नये. व्हायल आणि सिरिंजचा मार्ग पेनापेक्षा बहुधा स्वस्त पडतो आणि अनेकांना तो पुरेसा असतो. पेन मात्र पती-पत्नींनीही, सुई बदलूनही, एकमेकांचे वापरू नये, कारण टोचताना रक्ताचे सूक्ष्म अंश काट्रिजमध्ये मागे शिरू शकतात.

एका वेळी एकच बदल

दोष सापडला असे वाटले की सगळेच एकदम बदलण्याचा मोह होतो. तसे केल्यास साखर का सुधारली किंवा का उतरली हे कळत नाही. साध्या वहीत तारीख, वेळ, किती युनिट, कोणत्या अवयवाच्या कोणत्या भागात, आणि उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी साखर, एवढे लिहावे. जागा किंवा सुई यांपैकी एकच गोष्ट बदलून आठवडाभराच्या नोंदी पाहाव्यात. बाटली-सिरिंजची जोडी चुकली असेल, किंवा औषध गोठलेले वा तापलेले असेल, तर मात्र आठवडा थांबू नये. ते त्याच क्षणी बदलावे, आणि अशा वेळीही डोस तोच ठेवायचा की कमी करायचा हे डॉक्टरांना फोन करून ठरवावे, कारण निकामी औषधावर वाढवत नेलेला डोस ताज्या औषधात जास्त होतो.

या काळात हाताशी ग्लुकोज किंवा साखर असावी. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक किंवा चिडचिड जाणवली आणि साखर ७० च्या खाली असेल, तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि आकडा खालीच असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. पेढा किंवा चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे.

वापरलेल्या सुया साध्या कचऱ्यात पडू नयेत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातील सुया आणि सिरिंजा घातक कचऱ्यात धरल्या होत्या, आणि कचरा हाताने वेगळा करणाऱ्या कामगारांच्या बोटांत त्या शिरतात, म्हणून हा भाग घरच्या उपचाराइतकाच गंभीरपणे घ्यावा. फिनेल किंवा द्रव साबणाची जाड प्लॅस्टिकची बाटली धुऊन, तिच्यावर ‘सुया’ असे ठळक लिहून, सुई पेनातून काढताच तिच्यात टाकावी. हाताने वाकवू नये. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून घातक घरगुती कचरा म्हणून वेगळी द्यावी, किंवा जवळचे रुग्णालय वा प्रयोगशाळा स्वीकारत असेल तर तेथे पोहोचवावी.